फोटोचाही फेरफार नोंदवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, अर्थात महारेरा,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

महोदय,


मी ठाण्यात राहतो आणि घरांचे फोटो काढतो. आधी लग्नांचे काढायचो. गुडघे कुरकुरायला लागले तशी मंडपातली धावपळ सोडली आणि हलत नाही, पोज देत नाही, पंगतीत ओढत नाही असा विषय शोधला. घर. गेली अकरा वर्षे घोडबंदर रोडवरचे टॉवर, नौपाड्यातल्या जुन्या इमारती, कळव्यापासून कल्याणपर्यंतचे रिसेल फ्लॅट यांच्या हॉल-किचन-बेडरूमवर माझे पोट चालते. आपल्या संकेतस्थळावर माझे नाव सापडणार नाही. बिल्डरचा प्रकल्प नोंदलेला, एजंट नोंदलेला. पण ज्या फोटोवर भाळून माणूस रविवारची झोप मोडून बायकोमुलांसह घर बघायला निघतो, तो काढणारा कुणाच्याच वहीत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

विषय आहे फोटो एडिटिंगचा. मी एडिटिंगच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण घरांच्या खोट्या फोटोंबद्दल बोलणे निघाले की कुणीतरी शहाणा हमखास म्हणतो, ‘एडिटिंगवरच बंदी घाला ना!’ तसे झाले तर फोटो आजच्यापेक्षा जास्त खोटे होतील. कसे, ते एका हॉलवरून सांगतो.

पाचपाखाडीतले घर, चौथा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारचे साडेतीन. मी मोजले तेव्हा खिडकीबाहेरचा उजेड आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यातला उजेड यांत आठ स्टॉपचे अंतर होते. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट. आपला डोळा एवढा फरक सहज गिळतो. खिडकीकडे वळला की बाहुली लहान होते, कोपऱ्याकडे वळला की मोठी, आणि मधला सगळा हिशेब मेंदू न सांगता करून टाकतो. त्यामुळे घरमालकाला बाहेरचा गुलमोहरही दिसत होता आणि सोफ्याच्या कापडावरची वेलबुट्टीही. कॅमेऱ्याला ही सोय नाही. एका क्लिकमध्ये त्याने स्वतः बनवलेले जेपेग पाहिले तर एकतर खिडकी पांढरीफटक, नाहीतर हॉलचे भुयार. या दोन्ही फोटोंना माणसाचा हात लागलेला नाही. आणि त्या हॉलमध्ये पाऊल टाकणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

म्हणून आम्ही रॉ फाइल घेतो. जुन्या माणसांना निगेटिव्ह म्हटले की लगेच कळते, पण रॉ निगेटिव्हच्याही आधीची अवस्था आहे. तो अजून फोटो झालेलाच नसतो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते: निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर तांबडी, उरलेल्या पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी. १९७६ साली तिला पेटंट मिळाले आणि आजचे बहुतेक कॅमेरे त्याच जाळीवर चालतात. प्रत्येक ठिपका आपल्या वाट्याचा एक आकडा लिहून मोकळा होतो. त्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांना विचारून ठरवावे लागतात. ते आकडे जसेच्या तसे पडद्यावर मांडले तर काळपट हिरवा चिखल दिसेल. त्यामुळे ‘मूळ, एडिट न केलेला फोटो’ अशी काही वस्तू डिजिटल कॅमेऱ्यात नसतेच. जेपेग हेही एडिटिंगच; फक्त ते जपानमधल्या एखाद्या इंजिनिअरने, आपला हॉल न पाहता, आधीच करून ठेवलेले असते.

आकड्यांचा फरकही लहान नाही. चौदा बिटच्या रॉमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेगमध्ये २५६. बाकीचे कॅमेरा जेपेग बनवताना टाकून देतो, आणि कोपऱ्यातल्या सोफ्याची वेलबुट्टी नेमकी त्या टाकलेल्यात जाते. रॉमध्ये ती अंधारात बसून असते, उजेड वाढवला की वर येते, थोडी खरखरीत होऊन. उलट खिडकी एकदा पूर्ण पांढरी झाली की तिथे काहीच उरत नाही. कुठलेही सॉफ्टवेअर तिथून गुलमोहर परत आणू शकत नाही, आणू लागले तर ते त्याने मनाने काढलेले चित्र असते. म्हणून ट्रायपॉड चार फुटांवर लावायचा, आयएसओ १००, एफ ८, आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन किंवा पाच फोटो घ्यायचे. काळोखा फोटो खिडकी सांभाळतो, उजळ फोटो कोपरा सांभाळतो. घरी आल्यावर त्यांची जुळणी.

मग रंग. त्या मालकांनी फॉल्स सीलिंगमध्ये पिवळ्या एलईडी पट्ट्या बसवल्या होत्या, तीन हजार केल्व्हिनच्या आसपासच्या. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साडेपाच हजारांच्या वर. त्यात समोरच्या इमारतीला गेरूसारखा तांबडा रंग, तो उसळून थेट आमच्या भिंतीवर. एकाच ऑफ-व्हाइट भिंतीचा वरचा पट्टा हळदीचा आणि खालचा कुंकवाचा दिसत होता. अशा वेळी मी घरातले सगळे दिवे बंद करतो. एजंट माझ्यामागून येऊन ते परत लावतो. त्याला वाटते लाइट लावले की घर श्रीमंत दिसते. आमची ही जुगलबंदी दर घरात चालते. रॉची मेहेरबानी अशी, की पांढरे कशाला म्हणायचे हा निर्णय त्यात अजून झालेला नसतो. कॅमेऱ्याने त्याबद्दल एक चिठ्ठी डकवलेली असते, इतकेच. ती बाजूला ठेवून आपला निर्णय घेता येतो. मी राखाडी कार्ड धरून एक जादा फोटो घेतो आणि त्यावरून पांढरे ठरवतो. मग भिंतीचा वरचा पट्टा वेगळा निववायचा, खालचा वेगळा. मग लेन्सने वाकवलेल्या रेषा सरळ करायच्या, कॅमेरा जरा खाली झुकला असेल तर दाराच्या चौकटी पायाशी जवळ येतात त्या उभ्या करायच्या. एका टूबीएचकेचे पंधरा फोटो आणि घरी बसून तीन तास. एवढे झाल्यावर मालकांनी फोटो बघितला आणि म्हणाले, “हां, हा आमचा हॉल.”

आता माझा गुन्हा सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट, सातवा मजला, वर थेट गच्ची. मास्टर बेडरूमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ओल होती. भाकरीएवढा डाग, कडेने पिवळसर, मध्ये रंगाचे पोपडे. मी फोटो काढले, उजेड-रंग नीट केले, पाठवले. रात्री एजंटचा मेसेज: ‘दादा, तो कोपरा तेवढा क्लीन करा ना.’ सॉफ्टवेअरमध्ये एक ब्रश असतो. डागावर एकदा फिरवला की शेजारची स्वच्छ भिंत उचलून तो तिथे लावतो, गवंड्याच्या थापीसारखा, फक्त सिमेंट लागत नाही. चार सेकंद लागले. मालक विकण्याआधी रंग काढून देईलच, अशी मी मनाची समजूत घातली. मालकाने रंग खरेच काढून दिला. ओल मात्र भिंतीच्या आत जिथल्या तिथे होती.

पुढच्या पावसाळ्यात त्याच पत्त्यावरून फोन आला. नवीन मालकीणबाई. त्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. “तुम्हीच काढले होते ना आमच्या घराचे फोटो? इतके छान आले होते! ते बघूनच आम्ही दिवाळीनंतर घर बघायला आलो.” मी गेलो. बेडरूममध्ये शिरताच नजर त्या कोपऱ्यात गेली. डाग आता ताटाएवढा झाला होता. “हे फोटोत नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. पावसाची तक्रार करावी तशा बोलल्या. मी ट्रायपॉडचा आधीच घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करत राहिलो. सगळे फोटो झाले, मी चपला घालत होतो, तेव्हा त्या दाराशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “तेवढं ते वरचं काढून टाकाल ना फोटोतून? भाडेकरू उगाच कटकट करतात.”

मी डाग ठेवूनच फोटो पाठवले. त्यांनी ते वापरले नाहीत. माझे पैसे मात्र दिले.

त्या रात्री मला पहिल्यांदा सातबारा आठवला. आमची गावाकडे थोडी जमीन आहे, त्यामुळे तलाठ्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या मी झिजवल्या आहेत. सातबाऱ्यावर नाव बदलायचे तर आधी फेरफार नोंदवावा लागतो, नमुना सहाच्या वहीत. जुने नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. उद्या कुणी विचारले की आजोबांचे नाव कधी गेले, कशाने गेले, तर वही काढून दाखवता येते. मराठीत फेरफार या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक लबाडीचा आणि एक नोंदीचा. रॉवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरने नकळत दुसरा अर्थ उचलला आहे. लाइटरूम असो की फुकटात मिळणारे डार्कटेबल, रॉ फाइलमधल्या आकड्यांना ते हात लावत नाही. उजेड किती वाढवला, पांढरे कशाला म्हटले, ब्रश कुठे फिरवला, हे सगळे वेगळे लिहून ठेवते, कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या छोट्या फाइलमध्ये. मूळ सातबारा तसाच, बाजूला फेरफाराची वही. ही वही घरोघरच्या फोटोवाल्यांच्या संगणकात आज तयार आहे, महोदय. ती कुणी मागतच नाही.

मग कुठला फेरफार चालेल आणि कुठला नाही? उजेड, रंग, उभ्या रेषा हे मी वर सांगितलेच. ते करायलाच हवे. वस्तूंचे काय? मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: जे घराबरोबर विकले जात नाही ते फोटोतून काढायला हरकत नाही, जे घराबरोबर घेणाऱ्याच्या गळ्यात पडते ते काढायचे नाही. दोरीवरचे कपडे, दारातल्या चपला, फ्रिजवरचे गॅस एजन्सीचे कॅलेंडर, भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो हे सगळे काढा. कुटुंबाचा फोटो तर काढलाच पाहिजे, अनोळखी माणसांनी तो का बघावा? पण ओल, छताची भेग, खिडकीसमोरची हायटेन्शनची तार, बेडरूमच्या खिडकीबाहेरचा डक्ट, बाल्कनीसमोर उभी राहत असलेली इमारत यांना हात लावायचा नाही. आकाशाबद्दल माझे अजून ठरलेले नाही. जुलैतले राखी आकाश काढून निळे लावून द्या, असे सगळेच सांगतात. आकाश घराबरोबर विकले जात नाही, तेव्हा नियमात बसते. पण एकदा खिडकीत हात घातला की तो आकाशापाशी थांबत नाही. मला एका टॉवरच्या बाराव्या मजल्यावरून येऊरचे डोंगर ‘जरा जवळ आणायला’ सांगितले होते. मधला टॉवर कुठे ठेवू, असे मी विचारले. पलीकडून फोन ठेवला गेला.

आणि आता ज्या लबाडीला सॉफ्टवेअर लागतच नाही तिच्याकडे येतो, कारण रोजच्या व्यवहारात तीच सर्वांत महागात पडते. ती म्हणजे वाइड अँगल लेन्स. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडवे सुमारे ७४ अंश बघते, १६ मिलिमीटरची सुमारे ९७ अंश. मोबाइलमधला ‘झीरो पॉइंट फाइव्ह’ त्याहूनही जास्त. दहा बाय दहाच्या बेडरूमच्या दारात उभे राहून १६ ची लेन्स लावली की समोरची भिंत दूर पळते, कडेची उशी डायनिंग टेबलाएवढी दिसते आणि खोलीत क्रिकेट खेळता येईल असे वाटते. यात काहीही पुसलेले नाही, काहीही जोडलेले नाही. रॉ दाखवा म्हटले तर रॉही तसाच दिसेल. मी २४ च्या खाली शक्यतो जात नाही, बाथरूम सोडून. चार बाय सातच्या बाथरूममध्ये २४ ची लेन्स लावायची तर फोटोवाल्याला फ्लश टँकच्या आत बसावे लागेल. पण लेन्स किती मिलिमीटरची होती हे कॅमेरा रॉमध्ये लिहून ठेवतो. जाहिरातीत फोटोखाली ‘१६ मिमी’ असे दोन शब्द छापले तर आज लोकांना काही कळणार नाही. दोन वर्षांत कळेल. कार्पेट एरिया म्हणजे काय हेही २०१७ पूर्वी किती जणांना कळत होते? सुपर बिल्टअपच्या आकड्याला भुललेल्या लोकांना आपल्याच कायद्याने कार्पेट शब्द शिकवला.

तोवर वाचकांसाठी माझी एक गावठी युक्ती. फरशा मोजा. गेल्या वीस-एक वर्षांतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल असते, साधारण दोन बाय दोन फुटांची. लेन्स काहीही करो, ती फरशांची संख्या वाढवू शकत नाही. पाच फरशा म्हणजे दहा फूट. आणि फोटोच्या मधोमध भिंतीवरचे घड्याळ असेल तर ते गोल आहे का बघा. मधोमध असूनही अंडाकृती दिसले तर कुणीतरी फोटोच आडवा ताणला आहे. अलीकडे काही एजंट फोटोआधी खोलीत मोठा गालिचा अंथरायला सांगतात. घर उबदार वाटते म्हणे. मला त्यातला दुसरा फायदाही दिसतो.

रिकाम्या खोलीत संगणकाने फर्निचर मांडण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात फार बारकावे नाहीत. पलंग खोटा आहे हे लिहिलेच पाहिजे, आणि तो खऱ्या मापाचा हवा. पाच फुटी पलंगाचे चित्र आक्रसून लावले की दहा फुटी खोली बारा फुटी होते. सॅम्पल फ्लॅटमध्ये हेच खेळ प्लायवुडने होत आले आहेत. आखूड पलंग, बेडरूमला दारच नाही, भिंतीऐवजी काच. आपल्या कायद्याचे कलम १२ नमुना सदनिकेचे नाव घेऊन बोलते: जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची, आणि त्याला बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत करायचे. कलम चांगले आहे. पण फोटो खोटा होता हे सिद्ध कसे करायचे? तीन वर्षांनी तक्रारदार आपल्यापुढे मोबाइलमधला एक पुसट फोटो धरतो, व्हॉट्सॲपवरून दहा हात फिरलेला. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करते आणि त्याची तारीख, लेन्स, कॅमेरा ही माहिती गाळून टाकते. पुरावा म्हणून उरतो तो रंगीत कागदाचा तुकडा.

रॉ मागा, महोदय. वृत्तछायाचित्रांच्या जगात हे नवे नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत पोहोचलेल्यांकडून मूळ फाइली मागवून तज्ज्ञ त्या अंतिम फोटोशी ताडून बघतात. रॉयटर्सने २०१५ मध्ये नेमके उलटे पाऊल उचलले. बाहेरच्या छायाचित्रकारांनी रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नयेत, कॅमेऱ्यातले जेपेगच पाठवावे, असे सांगितले. दंगलीच्या फोटोला ते चालत असेल. पाचपाखाडीच्या हॉलला नाही चालणार. घरांच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने वाट काढली आहे. तिथे १ जानेवारी २०२६ पासून कायदा लागू आहे: विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत डिजिटल बदल केला असेल तर ते ठळक सांगायचे आणि मूळ फोटो बघायची सोय द्यायची. त्याच कायद्याने उजेड, व्हाइट बॅलन्स, रंगदुरुस्ती, रेषा सरळ करणे, कातरणे यांना सूट दिली आहे, घराचे रूप बदलत नसेल तोवर. म्हणजे मी ज्या तीन तासांबद्दल सांगितले ते मोकळे आणि ते चार सेकंद नोंदीत. कायदा करणाऱ्यांमध्ये कुणीतरी स्वतः फोटो काढणारे बसले असावे.

आपल्याकडे हे बसवणे अवघड नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून आपण प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. चुकणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत दंड. तो कोड मोबाइलने टिपला की प्रकल्पाचे पान उघडते. त्याच पानावर फोटोंची एक खिडकी उघडू दे: जाहिरातीतला फोटो, त्याशेजारी कॅमेऱ्याने काढलेला, आणि खाली एक ओळ, काय काढले, काय घातले, लेन्स कितीची, महिना कोणता. लोकांना तो हिरवा चिखल दाखवायची गरज नाही. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेले एक जेपेग असते. मागच्या पडद्यावर आम्ही बघतो ते तेच. ते बाहेर काढून लावायचे. दिसायला ते भिकार असेल, खिडकी पांढरी, कोपरा काळा, पण ओल असेल तर त्यात असेल. रॉ स्वतः जपून ठेवायचा, ताबा मिळून पुरेसा काळ जाईपर्यंत, आणि तक्रार झाली तरच आपल्यापुढे आणायचा. सांभाळायला जड जाईल अशी ओरड होईल; हिशेब करून ठेवला आहे. पंधरा दृश्ये, प्रत्येकी पाच फोटो, एक फाइल साधारण तीस एमबीची धरली तरी एका घराचे सव्वादोन जीबी. लोक याहून मोठे सिनेमे बघून पुसून टाकतात.

महिन्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. ठाण्यात मे महिन्यात काढलेला फोटो आणि जुलैत काढलेला फोटो ही दोन वेगळी घरे असतात. मेमध्ये कुठलेच छत गळत नाही. ज्या एजंटांना धंदा कळतो ते वरच्या मजल्याचे फोटो एप्रिल-मेमध्ये काढून ठेवतात आणि ऑक्टोबरपर्यंत वापरतात. इथेही काहीच एडिट झालेले नसते. रॉमध्ये तारीख आणि वेळ असते. कॅमेऱ्याचे घड्याळ मागेपुढे करता येते, हे मला माहीत आहे. दस्तावरची तारीखही मागेपुढे करता येते, म्हणून आपण दस्त नोंदवणे सोडलेले नाही.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंचे काय, असे आपले अधिकारी विचारतील, आणि बरोबर विचारतील. निम्म्याहून जास्त घरे एजंटच्या मोबाइलनेच टिपली जातात, निदान माझ्या भागात तरी. मोबाइल तर एका बटणात अनेक फोटो घेतो आणि स्वतःच जुळवून देतो, त्याचा रॉही पुष्कळदा आधीच शिजलेला असतो. तिथे मूळ फाइल मागावी, गॅलरीतली, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नव्हे. खिडकी आणि कोपरा यांची जुळणी मोबाइलने केली तरी मला आक्षेप नाही. ओल पुसायचे बटणही आता त्याच मोबाइलमध्ये आले आहे, बोट फिरवले की वस्तू गायब. ज्या कामाला मला निदान सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागले, रात्री जागावे लागले, ते आता लिफ्टमध्ये उभ्या उभ्या होते.

मी वर सांगितलेली बेडरूम रिसेलची होती, म्हणजे आपल्या कक्षेबाहेरची, हे मला ठाऊक आहे. आपला हात पोहोचतो तो प्रवर्तकापर्यंत आणि त्याचे नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्या एजंटापर्यंत. पण एजंट तोच असतो. सकाळी टॉवरचे बुकिंग आणि संध्याकाळी सोसायटीतला रिसेल. आपण त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायला लावले आहे. त्या अभ्यासक्रमात फोटोचा एक धडा घाला. ‘दादा, क्लीन करा ना’ असे लिहिण्याआधी त्याचा अंगठा क्षणभर तरी थांबेल. आणि नव्या प्रकल्पांत एकदा ही सवय लागली की रिसेलमध्ये घेणारेच विचारू लागतील. नोंदणी क्रमांक मागायला लोक असेच शिकले.

या सगळ्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आज मी डाग ठेवतो म्हणून काम जाते आणि शेजारच्या गल्लीतला मुलगा डाग पुसून देतो म्हणून त्याला मिळते. नोंद सक्तीची झाली तर आम्ही दोघे एका रेषेत येऊ. तो मुलगा माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतो, खरे तर. त्याला पुसावे लागू नये एवढेच.

माझ्याकडच्या रॉ फाइली सात हार्ड डिस्कवर आहेत, वर्षवार लावलेल्या, कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांबरोबर. आपल्या तज्ज्ञांना नमुना म्हणून हव्या असतील तर घरमालकांची परवानगी घेऊन देईन. सातव्या मजल्यावरच्या त्या बेडरूमची फाइलही त्यात आहे. मागच्या आठवड्यात उघडून पाहिली. सॉफ्टवेअरने माझ्या ब्रशची खूण एका बारीक वर्तुळाने दाखवली. ती नोंद काढून टाकली, तसा भिंतीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात भाकरीएवढा डाग परत आला.

कळावे,
आपला विश्वासू,
घरांचे फोटो काढणारा एक ठाणेकर